शिरेतल्या नळीची गोष्ट

सोलापूरजवळच्या होटगीतील एका शाळेत विज्ञानाच्या गप्पा मारायला गेलो होतो. सातवीतल्या एका मुलीने हाताच्या पाठीवरचा डाग दाखवून विचारले, "सर, सलाईनने बरे वाटते ना? मग माझा हात का सुजला?" प्रश्न छोटा होता. उत्तर मात्र सुमारे दोनशे वर्षांचे आहे.

१८३१ साली कॉलऱ्याची साथ इंग्लंडमध्ये पोहोचली. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासले, तेव्हा त्यातले पाणी आणि क्षार घटलेले आढळले. (हेच ओशॉनेसी पुढे भारतात आले आणि त्यांनी इथे तारयंत्र उभारले.) त्यांचे निष्कर्ष वाचून स्कॉटलंडमधील लीथ गावच्या थॉमस लाटा यांनी १८३२ च्या मे महिन्यात एका मरणासन्न वृद्धेच्या शिरेत नळी घालून कोमट क्षारजल सोडले. सुमारे तीन लिटर पाणी गेल्यावर थंड पडलेली म्हातारी टवटवीत दिसू लागली. लाटा निघून गेले. जुलाब पुन्हा सुरू झाले आणि काही तासांत ती दगावली.

उपाय बरोबर होता, पण तो मागे पडला. जंतूंचे शास्त्र तेव्हा जन्मालाच आले नव्हते. अशुद्ध पाणी थेट रक्तात जात होते. पुढे पाणी उकळून वापरू लागले, तरी रोग्यांना हुडहुडी भरून ताप येई. याचे कारण १९२३ साली फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी शोधले. उकळल्याने जंतू मरतात, पण त्यांनी पाण्यात सोडलेली तापजनक द्रव्ये तशीच राहतात. निर्जंतुक म्हणजे शुद्ध नव्हे, हा धडा वैद्यकाला असा मिळाला.

आता अडचण उरली सुईची. पोलादी सुई ताठ असते. हात हलला की शीर भोसकली जाते. १९५० साली अमेरिकेतील डेव्हिड मासा यांनी सुईवर प्लॅस्टिकची नळी चढवली. सुई काढून घ्यायची, मऊ नळी शिरेत ठेवायची. आज दवाखान्यात दिसते ती हीच युक्ती.

पण नळी आत राहते, म्हणून तिचे उपद्रवही राहतात. नळी घासून आणि औषधांमुळे शीर सुजते. त्वचेवरचे जंतू नळीवर थर धरतात आणि रक्तात उतरू शकतात. नळी शिरेबाहेर सरकली तर द्रव मांसात झिरपतो; काही औषधांनी तेथील त्वचा जळतेसुद्धा. मुलांच्या शिरा बारीक, त्यात ती हात हलवतात आणि तान्ह्या बाळाला "दुखते" असे सांगता येत नाही. म्हणून नळीची जागा वरचेवर पाहणे आणि गरज संपताच नळी काढणे, हाच खरा बचाव. अशा नळ्यांमुळे होणाऱ्या संसर्गाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, यावरून विषय किती जिवंत आहे ते कळेल.

या गोष्टीला आणखी एक वळण आहे. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा घातलेले पाणी रोग्यांना पाजले. आधी शंभरात तीसपर्यंत रोगी दगावत होते. ते प्रमाण चारच्या खाली आले. ग्लुकोजबरोबर आतडे मीठ शोषते आणि मिठामागोमाग पाणी. शिरेत शिरायची गरजच उरली नाही.

बेशुद्ध किंवा अतिशय शुष्क झालेल्या मुलाचा जीव सलाईनच वाचवते, हे विसरू नये. पण "अशक्तपणा आहे, एक बाटली लावा" हा आग्रह चुकीचा. साध्या सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते, ऊर्जा शून्य.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले, "पुन्हा कधी नळी लावली आणि तिथे दुखले, तर गप्प बसू नकोस. लगेच नर्सताईंना सांग." आणि तुम्ही शिक्षकांनी हे वर्गात सांगावे.