फाळक्यांचं घर, फाळक्यांचा स्टुडिओ

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला आधी पुरस्कार आठवतो. आज बोलूया त्यांच्या घराबद्दल.

जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. चित्रकला, फोटोग्राफी, जादूचे प्रयोग, छपाई, सगळं करून झालेलं. छपाईसाठी जर्मनीलाही जाऊन आलेले. १९१२ मध्ये सिनेमा शिकायला लंडन गाठलं, तेव्हा वय चाळिशीपार, पदरात मुलं आणि विम्याची पॉलिसी गहाण!

परत आल्यावर भांडवलाचा प्रश्न. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोपाची वाढ एकेक फ्रेम करत टिपली. आमच्या आयटीच्या भाषेत, हा डेमो. तो बघून पैसे मिळाले.

शूटिंग सुरू झालं आणि दादरचं राहतं घरच कारखाना झालं. सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या, वर अंधारात बसून कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायच्या, फिल्म धुवायच्या. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. पुढे १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

ही गोष्ट आपण एका माणसाची जिद्द म्हणून सांगतो. पण सिनेमा पडला असता तर अख्खं घर उघड्यावर आलं असतं. जोखीम सगळ्यांचीच होती.

दादासाहेब १९४४ मध्ये नाशिकला गेले. त्यांचं नाव घ्याल तेव्हा सरस्वतीबाईंचंही घ्या.