दिंडोशीची चावी : पाणी अडवणाऱ्या लोखंडाचा इतिहास

मुंबईच्या उपनगरांत ‘पाण्याची वेळ’ असा एक शब्दप्रयोग आहे. गाडीची वेळ असते, शाळेची वेळ असते, तशी पाण्याची वेळ. दिंडोशीच्या चढावरील वस्त्यांत ही वेळ प्रत्यक्षात उतरवतो तो महापालिकेचा चावीवाला. रस्त्यातील लोखंडी झाकण उचलून, टी-आकाराची लांब चावी खाली सोडून तो ती गोल गोल फिरवत राहतो. वरच्या गल्लीतील नळ आधी हवा ओकतात, मग पाणी. झाकणाखाली जे फिरते त्याला पुस्तकांत ‘झडप’ म्हणतात आणि रस्त्यावर ‘व्हॉल्व्ह’. धरणांचे आणि राजांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. आजचा हा धागा त्या झाकणाखालच्या यंत्राविषयी आहे.

नळातले पाणी अडवणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. ३२ इंच व्यासाचा नळ घ्या आणि त्यात ५० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब आहे असे धरा. तो नळ बंद करणाऱ्या लोखंडी पडद्यावर पाणी २५ टनांहून अधिक जोराने रेटत असते. असा पडदा हाताने वरखाली सरकवणे अशक्य. शिवाय साधा सपाट पडदा पाण्याच्या रेट्याने एकाच बाजूला दाबला जातो. प्रवाह उलटला की दुसऱ्या बाजूने गळतो.

यावरचा नामांकित तोडगा स्कॉटिश अभियंता जेम्स नॅस्मिथ याने १८३९ मध्ये काढला. वाफेच्या घणासाठी इतिहासात अमर झालेला हाच तो नॅस्मिथ. त्याने रस्त्याखालच्या जलवाहिन्यांसाठी दोन्ही बाजूंना तोंडे असलेला, पाचरीच्या आकाराचा पडदा योजला. लाकडात पाचर ठोकली की ती दोन्हीकडून घट्ट बसते. तसाच हा पडदा खाली उतरताना दोन्ही बाजूंच्या बैठकींत रुतून बसतो, आणि वर उचलताच सैल होतो. त्याला वरखाली करतो तो आटे पाडलेला दांडा, म्हणजे स्पिंडल. या जातीला आपल्याकडे स्लूस व्हॉल्व्ह किंवा गेट व्हॉल्व्ह म्हणतात. दिंडोशीतल्या झाकणाखाली आजही मुख्यत्वे हीच पाचर असते.

चावी इतके वळसे का खाते, याचे उत्तर मात्र मॉस्कोत सापडते. वाहते पाणी अचानक अडवले की त्याचा वेग दाबात बदलतो आणि तो धक्का नळातून हातोड्यासारखा धावतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की याने मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून १८९८ मध्ये याचे गणित प्रसिद्ध केले. लोखंडी नळात सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारे पाणी एकदम थांबवले, तर सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका जादा दाब निर्माण होतो. नळ फुटायला तेवढे पुरे. स्क्रूचे आटे माणसाची ताकद वाढवतात, आणि त्याला घाई करू देत नाहीत. दुसरा गुण पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

इतर जाती थोडक्यात. मोठ्या वाहिन्यांवर बटरफ्लाय व्हॉल्व्ह असतो. त्यात आसाभोवती फिरणारी तबकडी असते. पंपाजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी उलटे येऊ नये म्हणून. वाहिनीच्या उंच टोकांवर हवा सोडणारा आणि घेणारा एअर व्हॉल्व्ह. सखल जागी गाळ काढून टाकण्याचा स्कावर व्हॉल्व्ह. प्रत्येकाचे काम वेगळे, पण बहुतेकांचा जन्म एकाच ठिकाणी होतो : ओतशाळेत.

तेथे पहिला मान लाकडाचा. सुतार झडपेच्या बाह्य आकाराचा लाकडी पॅटर्न करतो आणि तो मुद्दाम किंचित मोठा ठेवतो, कारण बीड थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते. पॅटर्नभोवती वाळू ठासून साचा करतात. पण झडप आतून पोकळ हवी. म्हणून वाळूचाच वेगळा गाभा, ज्याला कारागीर ‘कोअर’ म्हणतात, साच्यात टांगून ठेवतात. तो जरा हलला तर एका बाजूची भिंत जाड आणि दुसऱ्या बाजूची पातळ होते, आणि हा दोष बाहेरून दिसत नाही. मग कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्टीतून १३०० अंशांहून अधिक तापलेले बीड ओततात. वाळूत ओल राहिली असेल तर वाफ धातूत अडकून पोकळ्या होतात.

ओतीव भाग लेथवर कातला जातो. जेथे पाचर टेकते तेथे गनमेटलच्या कड्या बसवतात. तांबे, कथील आणि जस्त यांचा हा मिश्रधातू गंजत नाही; बिडावर बीड बसवले तर काही वर्षांत दोन्ही गंजून एकमेकांना चिकटतील. शेवटी पाण्याची परीक्षा : कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन काया तपासतात, मग पाचर बंद करून बैठक. जलपुरवठ्याच्या ५० ते १२०० मिलिमीटरच्या स्लूस व्हॉल्व्हसाठी आयएस १४८४६ हे भारतीय मानक २००० सालचे आहे.

महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, ती लोखंडी नांगरांच्या ओतकामावर. त्याच घराण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचा झडपांचा कारखाना आज पुणे जिल्ह्यात कोंढापुरीला आहे, आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली व गोकुळ शिरगावच्या ओतशाळांत असले ओतकाम हे रोजचे काम आहे.

आता पुन्हा दिंडोशी. तिच्या पूर्वेला आरेचे रान ओलांडले की विहार तलाव लागतो. हेन्री कोनीबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार १८६० मध्ये तो पुरा झाला आणि मुंबईला प्रथमच नळाचे पाणी मिळाले, दिवसाला सुमारे ३ कोटी लिटर. वर ३२ इंचांचे उदाहरण उगाच घेतले नव्हते. विहारची मुख्य वाहिनी तेवढ्याच व्यासाची होती. पण ते पाणी दक्षिणेला बेटाकडे गेले. शेजारचा तुळशी तलाव १८७९ चा. त्याचेही पाणी तिकडेच. गोरेगाव-मालाडचा भाग महापालिकेच्या हद्दीत आला तो १९५७ मध्ये. म्हणजे तलाव उशाशी असताना जवळजवळ शंभर वर्षे या भागाला त्या नळांवर नागरी हक्क सांगता आला नाही.

हद्दीत येणे म्हणजे नळ येणे नव्हे. १९६१ मध्ये गोरेगावातून महापालिकेवर निवडून गेलेल्या मृणाल गोरे यांनी बायकांचे हंडा मोर्चे नेऊन हा प्रश्न सभागृहात पोचवला आणि ‘पाणीवाली बाई’ हे नाव मिळवले. पुढे त्यांनी समाजवादी सहकाऱ्यांसह नागरी निवारा परिषदेमार्फत अल्प उत्पन्न गटांसाठी मोठी वसाहत उभारली, ती दिंडोशीतच. अभियंत्यांइतकीच ही बाई जलपुरवठ्याच्या इतिहासात मोजली पाहिजे, असे माझे मत आहे.

येथे त्या पाचरीचा खरा पेच सुरू होतो. ती घडवली गेली क्वचित वापरासाठी : नळ फुटला, दुरुस्ती निघाली, तर बंद करायची, एरवी उघडी. थॉमस हॉक्सलीने १८३१ मध्ये इंग्लंडातील नॉटिंगहॅममध्ये चोवीस तास दाबाखाली पाणी देऊन दाखवले होते. पण लंडनमध्ये त्यानंतरही कित्येक दशके ‘टर्नकॉक’ नावाचा माणूस ठरावीक वेळी रस्त्यातील झडप उघडायला येत असे. तो आपल्या चावीवाल्याचा थोरला भाऊ. लंडनमधून तो गेला, मुंबईत राहिला. आज शहराला दिवसाला सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी येते, पण ते भाग पाडून, वेळा लावून पुरवले जाते.

त्यामुळे आणीबाणीच्या यंत्राचे घड्याळ झाले. रोज उघडबंद म्हणजे वर्षाला सातशेहून अधिक फेऱ्या. आटे झिजतात, खालच्या खाचेत खडे बसतात, पाचर पुरती बसत नाही. ती अर्धवट उघडी ठेवून पाणी ‘थोडे थोडे’ सोडावे, तर वेगवान प्रवाह तिला थरथरवतो आणि कड्या कुरतडतो. म्हणून वाटणी पाण्याच्या मापाने होत नाही, वेळेने होते. आणि वेळेची वाटणी चढावरच्यांना महाग पडते : खालच्या गल्ल्या भरून घेत असतील तोवर वर दाब पोचत नाही. खालची झडप दहा मिनिटे उशिरा बंद झाली, तर वरच्या घराचा एक हंडा कमी. शिवाय पाणी बंद झाल्यावर रिकाम्या नळात बाहेरचा ओलावा, कधी गटाराचाही, फटींतून आत ओढला जातो.

ज्यांच्या गल्लीपर्यंत नळच नव्हता, त्यांचा प्रश्न न्यायालयात गेला. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, १ जानेवारी २००० नंतर झालेल्या अनधिकृत झोपड्यांतील रहिवाशांनाही पाणी पूर्णपणे नाकारता येणार नाही, कारण ते घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्यांच्याकडून जास्त दर घेण्याची मुभा न्यायालयाने ठेवली.

नव्या जातीच्या झडपांत बीड तन्य असते. वितळलेल्या धातूत मॅग्नेशियम घालून त्याचा ठिसूळपणा घालवण्याची ही रीत १९४० च्या दशकातली. पाचरीवर रबराचे आवरण असते, आणि तळाला खाच नसते, म्हणजे खडे बसायला जागाच नाही. स्पिंडलच्या डोक्यावरची चौकोनी टोपी मात्र कायम आहे, कारण चावीवाल्याची चावी तिच्यावरच बसते.