ध्वनिमुद्रणातील गेन-नियोजन

गेन-नियोजन म्हणजे ॲनालॉग ध्वनिसंकेत अंकीय रूपांतरकात शिरण्यापूर्वी त्याची पातळी ठरविणे होय. अंकीय पातळी शून्य डेसिबल या कमाल मर्यादेखाली ऋण आकड्यांत मोजतात. मर्यादा ओलांडताच तरंगाचे माथे कापले जातात. यास क्लिपिंग म्हणतात. हा बिघाड नंतर आवाज कमी करूनही जात नाही. गेन फारच कमी ठेवल्यास मात्र सूक्ष्म ध्वनी उपकरणाच्या खरखरीत बुडतात.

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीपुढे वाजणारी हलगी हे याचे अवघड उदाहरण आहे. यात्रा वर्षातून एकदाच, मकर संक्रांतीच्या सुमारास भरते. त्यामुळे बिघडलेले मुद्रण लगेच पुन्हा करता येत नाही. काडीचा आघात काही मिलिसेकंदांचाच असल्याने सरासरी दाखविणारा मापक तो पकडत नाही. शिखरमापकच पाहावा लागतो. वादन ऐन भरात असताना शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील असा गेन सोयीचा ठरतो, कारण चाचणीच्या वेळी वादक सहसा हात राखूनच वाजवतात. मायक्रोफोन फार जवळ असल्यास रूपांतरकाआधीचा प्रवर्धकच विकृत होतो आणि मापकावर ते दिसतही नाही. अशा वेळी अंतर वाढविणे हाच सोपा उपाय.

१६ बिटांची सैद्धान्तिक ध्वनिव्याप्ती सुमारे ९६, तर २४ बिटांची सुमारे १४४ डेसिबल असते. त्यामुळे २४ बिटांवर वरची जागा मोकळी सोडल्याने व्यवहारात काही गमवावे लागत नाही.