पत्त्याआधी ठोका

छोटा मॅजेलन मेघ महाराष्ट्रातून दिसत नाही. तो पाहायला दक्षिणेकडे बरंच खाली जावं लागतं. सुमारे २ लाख प्रकाशवर्षांवरची ही बुटकी दीर्घिका. वस्तुमान आकाशगंगेच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास. या हिशेबाने तिथे क्ष-किरण पल्सार असून असून किती असणार, एखाददुसरा!

सुरुवातीला तसंच वाटत होतं. १९७० साली केनियाच्या किनाऱ्यावरून सुटलेल्या 'उहुरू' उपग्रहाला तिथला एक क्ष-किरण स्रोत दर ३.८९ दिवसांनी झाकला जाताना दिसला. म्हणजे जोडतारा. १९७६मध्ये त्याचा ०.७१ सेकंदांचा ठोकाही जाहीर झाला. हा एसएमसी एक्स-१. पाठोपाठ एक्स-२ आणि एक्स-३ सापडले, पण त्यांचे ठोके कळले नव्हते.

चित्र बदललं ते आरएक्सटीई या नासाच्या उपग्रहामुळे. गंमत म्हणजे त्याच्या मुख्य उपकरणाला चित्र काढताच येत नव्हतं. सुमारे एक अंश रुंदीच्या आकाशातून, म्हणजे दोन पूर्णचंद्र शेजारीशेजारी मावतील एवढ्या भागातून, येणारा प्रत्येक क्ष-किरण ते मोजायचं. कुठून आला ते माहीत नाही. केव्हा आला ते मायक्रोसेकंदापर्यंत पक्कं. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर टाइमस्टॅम्प अचूक, पण आयपी अ‍ॅड्रेस गायब, असा लॉग.

नोव्हेंबर १९९७मध्ये या लॉगमध्ये सुमारे ९२ आणि ४६ सेकंदांचे ठोके दिसले. एक दुसऱ्याच्या निम्मा. सिग्नल प्रोसेसिंग शिकलेला कुणीही म्हणेल, हा हार्मोनिक आहे. न्यूट्रॉन ताऱ्याला दोन चुंबकीय ध्रुव असतात, दोन्हींवर जोडीदाराचं द्रव्य कोसळतं. एका फेरीत दोनदा चमकला तर निम्मा काळ दिसणारच. पण निरीक्षण जितका वेळ चालतं तितक्या जवळच्या वारंवारता वेगळ्या काढता येतात. आकडे नेमके झाले तेव्हा निघाले ९१.१ आणि ४६.६. दुप्पट करून पाहा: ९३.२. जुळत नाही. दोन वेगळे तारे! त्याच सुमारास तिथेच ७४.८ सेकंदांचा तिसराही सापडला.

मग रॉबिन कॉर्बेट, माल्कम को, सायलस लेकॉक आदींनी आरएक्सटीई जानेवारी २०१२मध्ये बंद होईपर्यंत या मेघाची जवळजवळ साप्ताहिक हजेरी घेतली. २००५मध्ये को आणि सहकाऱ्यांनी नावंच ठोक्यांवरून दिली: एसएक्सपी आणि पुढे सेकंद. आकाशातल्या वस्तूला जागेऐवजी लयीवरून हाक मारणं मला तरी फार योग्य वाटतं, कारण अनेकांची लयच आधी सापडली होती. ७.७८ सेकंदांचा एक पल्सार असाच बेपत्ता होता. २००४मध्ये 'चांद्रा' दुर्बिणीच्या नोंदींतून कळलं, हा तर सत्तरच्या दशकातला एक्स-३!

आज तिथले साठाहून अधिक पल्सार माहीत आहेत. सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी तिथे ताऱ्यांच्या जन्माला उधाण आलं होतं. त्या पिढीतले जड तारे फुटून न्यूट्रॉन तारे झाले. त्यांचे जोडीदार बहुतेक करून 'बीई' जातीचे, गरागरा फिरत स्वतःभोवती वायूची चकती फेकणारे. लंबगोल कक्षेतला न्यूट्रॉन तारा या चकतीजवळ आला की पेटतो, एरवी गप्प. म्हणून एकदा पाहून भागत नाही, दर आठवड्याला जावं लागतं.

'अ‍ॅस्ट्रोसॅट'वरचं लॅक्सपीसी, मुंबईच्या टीआयएफआरमध्ये बनलेलं, तेही चित्र न काढणारं. २०१७मध्ये एसएक्सपी १५.३ भडकला, तेव्हा त्याने तो ठोका मोजला.