येरवड्याच्या पाण्यावर चार थांबे

मे महिन्यातली सकाळ. येरवड्याच्या काठावरून तुम्ही होडी पाण्यात ढकलता. चौदा फुटी, पत्र्याची, मागे लहानसं पेट्रोल इंजिन. बंडगार्डनचा बंधारा पाठीशी ठेवायचा आणि उलट्या दिशेने, मुळा-मुठेच्या संगमाकडे निघायचं.

शंभर हात जाता न जाता इंजिन गुरगुरतं आणि बंद पडतं. जलपर्णी! इंजिन तिरपं करून पंखा वर घेता. काळ्या मुळांची वेणी दांड्याभोवती करकचून आवळली गेली आहे. ओढून ती निघत नाही. विळ्याने एकेक पेड कापावा लागतो. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यावर पोसते आणि पुणं तिला काही कमी पडू देत नाही. कापलेला गोळा तुम्ही पाण्यात भिरकावता, हात झटकता आणि इंजिनाची दोरी ओढता.

इंजिन लागतं. सांडपाण्याचा वास मात्र गेलेला असतो.

29 मे 1933. पाणी मोकळं आहे. येरवड्याच्या टेकडीवर प्रेमलीला ठाकरसी यांचा 'पर्णकुटी' बंगला दिसतो. 8 मे रोजी गांधीजींनी तुरुंगात उपवास सुरू केला, त्याच दिवशी सरकारने त्यांना सोडलं आणि ते इथे आले. अस्पृश्यता निवारणासाठी आत्मशुद्धीचा हा उपवास, 21 दिवसांचा. आज दुपारी तो सुटणार आहे. आठच महिन्यांपूर्वी, 24 सप्टेंबर 1932 ला, याच येरवड्याच्या तुरुंगात डॉ. आंबेडकरांनी पुणे करारावर सही केली होती. तेव्हाही गांधीजी उपोषणावरच होते.

तुम्ही इंजिन बंद करता. इथे तो आवाज नको. होडीच्या तळाशी पाणी साचलंय. पत्र्याच्या डब्याने ते हळूहळू उपसत राहता. डबा कडेवर आपटू नये म्हणून जपता. तळ कोरडा झाल्यावरच पुन्हा दोरीला हात.

1879, फेब्रुवारीतली संध्याकाळ. बंधाऱ्याजवळ दहा वर्षांपूर्वी झालेला फिट्झजेराल्ड पूल अजून नवा दिसतो. येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेजची दगडी इमारत. तिथे टिळक कायद्याचा अभ्यास करताहेत, आगरकरही तिथेच शिकताहेत, आणि रात्र-रात्र दोघांचा वाद चालतो तो देशाला शहाणं कसं करायचं यावर. पुढच्या जानेवारीत चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल उघडेल, त्याची बोलणी इथलीच.

तुमचा प्लग तेलाने काळा झालाय. तो काढता, पॉलिश पेपरने टोक घासता, फुंकर मारता. तेवढ्यात एक गोष्ट लक्षात येते: पाऊस जाऊन चार महिने झाले, वरून येणारी धार बारीक आहे, तरी होडीखाली पाणी खोल आहे. वर खडकवासल्याचं धरण याच दशकात बांधलं गेलं. तिथून निघालेला मुठा कालवा पुण्याला वळसा घालून पूर्वेकडच्या शेतांकडे जातो. एकाच नदीचं पाणी: काही कालव्याने गेलं, काही इथे अडलं. अडवलंय कुणी?

दोरी ओढता.

ठण्ण! इंजिन किंचाळतं, पण होडी जागची हलत नाही. मे 1840. पंखा दगडावर आपटलाय आणि आतली पिन तुटलीय. खाली उतरता तर पाणी घोट्यापर्यंत. गोटे, वाळू, मधूनच एखादं डबकं. बंधारा नाहीच! पाणी अडवायला इथे भिंत लागेल, हे कुणाला तरी सुचायचंय. तो बंधारा 1850 मध्ये पुरा होईल. त्याच्या खर्चाचा मोठा भाग मुंबईचे जमशेटजी जीजीभाई देतील. हेतू छावणीला पाणी पुरवण्याचा. होड्या त्यामागून येतील; 1868 मध्ये या काठावर बोट क्लबही निघेल.

वाळूत गुडघे टेकून तुम्ही कामाला लागता. पक्कडीने कॉटर पिन सरळ करायची, पंखा उतरवायचा, दांड्याच्या भोकात अडकलेला पितळी तुकडा खिळ्याने ठोकून बाहेर काढायचा. ही पिन मुद्दाम मऊ धातूची असते. दगड लागला तर ती तुटावी आणि आतले दाते वाचावेत. नवी पिन बसवता. होडी खांद्याने रेटत एका डबक्यात आणता आणि दोरी ओढता.

वास येतो. पुन्हा आजची सकाळ. होडी खोल पाण्यावर तरंगतेय, आणि ती खोली आयती मिळालेली नाही हे आता तुमच्या गुडघ्यांनाही ठाऊक आहे. होडी रोजच्या डागडुजीवर चालते: उपसा, घासा, पिन बदला. ज्या पाण्यावर ती चालते त्यालाही तीच मेहनत लागते. कुणीतरी ते साठवलं. राखायचं काम आपलं.

इंजिन पुन्हा गुरगुरतं. पंखा वर घेता, बाकाखालचा विळा काढता. या वेळी कापलेला गोळा पाण्यात टाकत नाही. त्याच्या तुकड्यातूनही नवं रोप फुटतं. पाणी निथळू देऊन तो होडीत, पायाशी ठेवता.