आडवं होण्याचा इतिहास

शिक्षण, नोकरी आणि झोप या आयुष्यातल्या तिन्ही गोष्टी मी मध्य रेल्वेच्या भरवशावर केल्या. बी. कॉम. सेकंड क्लासमध्ये पास झालो आणि तेव्हापासून सेकंड क्लासच्याच पासावर आटगाव ते मुंबई करतो आहे. अंतर सुमारे ९५ किलोमीटर. कसाऱ्याहून निघालेली लोकल आमच्या स्टेशनात येते तेव्हा खिडक्या गेलेल्या असतात आणि उरते ती चौथी सीट. ज्यांचा जन्म मोटारीत गेला त्यांच्यासाठी सांगतो, लोकलचा बाक तिघांचा असतो आणि त्यावर चौघं बसतात. चौथ्या माणसाचा अर्धा भाग बाकावर असतो, उरलेला अर्धा उधारीवर. या उधारीवर मी गेली वीस-बावीस वर्षं झोपत आलो आहे. वाशिंद आलं की डोळा लागतो आणि ठाण्याला आपोआप उघडतो.

त्यामुळे न्यू जर्सीहून धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मला विषयच नीट समजला नाही.

"दादा, आईचं तिकीट काढलंय. या वेळी बिझनेस क्लास! सीट पूर्ण आडवी होते. एकशेऐंशी अंश!"

"आणि तिच्यावर किती जण झोपतात?" मी विचारलं.

प्रश्न चुकीचा नव्हता, पण माझी बहीण अमेरिकेत राहून पंधरा वर्षं झाली. ती फक्त "दादा!" एवढंच म्हणाली.

पैशाचं म्हणाल तर तिकीट रोख घेतलेलं नव्हतं. जावईबापू कंपनीच्या कामानं सारखे उडत असतात, त्यांचे मैल साठले होते. मैल साठतात हे मला नवीन होतं. आटगाव-मुंबई करून माझेही बरेच मैल झाले असतील, पण रेल्वेनं त्यांचं पासबुक दिलं नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या विमान कंपनीनं १९८१ साली ही योजना काढली आणि मग सगळ्यांनीच उचलली. थोडक्यात, उडणाऱ्या माणसाची आवर्ती ठेव. मुदत पुरी झाली की मुद्दल व्याजासह आडवं होतं.

पण खरी गोष्ट अशी की हा लाड नव्हता. मागच्या खेपेला आई साध्या वर्गातून गेली होती. मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान, साधारण सोळा तास. उतरली तेव्हा पाय असे सुजले होते की चपला घालता येईनात. बहात्तर वर्षांची माझी आई अमेरिकेच्या भूमीवर प्रथम अनवाणी उतरली, चपला पिशवीत घालून. डॉक्टरांनी पाय पाहिले आणि पुढच्या वेळी असं बसवून आणू नका म्हणून बजावलं.

बँकेत एखादा आकडा जुळला नाही की आम्ही मागची पानं काढतो. त्या सवयीनं मी या आडवं होण्याच्या प्रकरणाची मागची पानं काढली. आणि काय सांगू, प्रवासाचा सगळा इतिहास म्हणजे कुणी आडवं व्हायचं आणि कुणी बसून राहायचं याचाच हिशेब निघाला.

आपल्यापासूनच सुरुवात करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तेव्हा कुणी आडवं झालं नाही, कारण ३४ किलोमीटरात आडवं होणार कधी आणि उठणार कधी? १ जानेवारी १८६१ ला आमच्या शहापूर तालुक्यातून रूळ कसाऱ्यापर्यंत पोचले. चार वर्षांनी, १८६५ च्या १ जानेवारीला, गाडी थळ घाट चढून इगतपुरीला गेली. तिथून पुढे प्रवास लांबले, रात्री डब्यात काढायची वेळ आली आणि पाठीचा प्रश्न उभा राहिला. उभा राहिला म्हणतो, कारण पाठीला दुसरं काही करायची सोयच नव्हती. पहिल्या वर्गातल्या साहेबाला पसरायला गादीचा बाक होता. गरिबासाठी त्याच रेल्वे कंपनीनं १८७० च्या दशकात एक चौथा वर्ग काढला, त्यात बाकच नव्हते! मेंढरं भरावीत तशी माणसं भरायची. बाकच नाही, तेव्हा चौथ्या सीटवरून भांडणही नाही. पुढे बाक आले आणि भांडणं सुरू झाली. यालाच प्रगती म्हणतात.

१९१७ च्या सप्टेंबरात गांधीजी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गानं गेले आणि त्यावर त्यांनी एक छोटं पुस्तकच लिहिलं. बावीस माणसांचा डबा, दोन रात्रींचा प्रवास आणि आडवं होण्याजोगी फळी एकही नाही. दोन-तीन हट्टी मंडळी सोडली तर सगळ्यांनी बसूनच झोप काढली. त्यांच्या लिखाणातला नैतिक भाग मोठ्या लोकांनी वाचला असेल, मी वाणिज्य शाखेचा, माझं लक्ष त्यांच्या हिशेबावर गेलं. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त. ठीक आहे. मग तिसऱ्या वर्गाला निदान एक पंचमांश सुख तरी मिळतं का? एक पंचमांश सोडा, एक दशांश तरी? असा त्यांचा सवाल होता. बॅरिस्टर असूनही माणूस हिशेबाला पक्का होता.

या सवालाचं उत्तर यायला साठ वर्षं लागली. १९७४ साली तिसरा वर्ग रद्द झाला. म्हणजे काय झालं? डब्यावरचा तीनचा आकडा खोडून दोन लिहिला. फळी लाकडाचीच राहिली. आम्ही बँकेत याला नावातला बदल म्हणतो, खात्यातली शिल्लक आहे तेवढीच. मग १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. आपला माणूस, राजापूरचा खासदार, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेला. पहिल्या वर्गाला खाली ओढण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाला वर उचलायचं, असा त्यांचा विचार. त्यांनी काय केलं? दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंच फोम घातला. बस्स, दोन इंच. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तीत पहिला वर्गच नव्हता. आता तिला वातानुकूलित डबे लागतात ती गोष्ट वेगळी. आटगावला ती थांबत नाही, अजूनही थांबत नाही. पण आमचे अण्णा ती धडधडत गेली की हातातलं काम टाकून बघत उभे राहायचे.

अण्णांना या दोन इंचांचं मोल ठाऊक होतं. लग्नानंतर ते आणि आई कल्याणहून नागपूरला गेले होते, तेव्हा फळी लाकडाची होती. सकाळी उठले तेव्हा म्हणे पाठीवर फळीच्या पट्ट्या अशा उमटल्या होत्या की आईनं त्या मोजल्या. पुढे काही वर्षांनी पुन्हा गेले तेव्हा फोम आला होता, वर रेक्झीन. अण्णांनी बसण्याआधी अंगठ्यानं तो दाबून पाहिला, आंबा पिकलाय का बघतात तसा. मग आईला म्हणाले, "दाबून बघ. सरकारनं दिलंय." आई सांगते, त्या रात्री ते झोपलेच नाहीत. मऊ लागतंय या आनंदात जागे राहिले. १९८० चं दशक संपेपर्यंत हे दोन इंच देशभर पोचले. एवढ्या लोकांना इतक्या कमी जाडीत इतकं सुख दिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. अर्थसंकल्पातल्या भल्याभल्या योजना दोन इंचही खाली पोचत नाहीत.

जमिनीवरचं झालं, आता आकाशात जाऊ. तिथे गंमत उलटी आहे. विमानात माणूस आधी आडवा झाला आणि नंतर बसला! आपल्याकडे ज्याला डाकोटा म्हणत ते विमान मुळात शयनयानच होतं. १९३५ च्या १७ डिसेंबरला अमेरिकेत ते पहिल्यांदा उडालं. रात्रीच्या प्रवासासाठी त्यात चौदा बिछाने होते. नंतर कुणीतरी माझ्यासारखा वाणिज्य शाखेचा माणूस फूटपट्टी घेऊन आत शिरला असणार. त्याच्या ध्यानात आलं की जिथे चौदा माणसं निजतात तिथे एकवीस बसतात. झालं! चौदा की एकवीस, यात विचार करण्यासारखं काही आहे का? एकवीस जणांचं विमान जगभर गेलं आणि बिछान्यांचं मागे पडलं. पुढे जेट विमानं आली, प्रवासाचे तास कमी झाले, आणि "थोडा वेळ तर बसायचं" हा युक्तिवादही मिळाला. हाच युक्तिवाद लोकलमध्ये "आलंच आता कल्याण" या शब्दांत होतो.

साध्या वर्गात माणसाला दोन रांगांत एकतीस-बत्तीस इंच जागा मिळते. तेवढ्या जागेत माझ्या शाखेत फक्त स्टेशनरीचं कपाट मावतं.

बसून झोपणं ही नुसती गैरसोय असती तर चाललं असतं. पण पानं चाळताना मला १९४० सालचं लंडन सापडलं. वरून बॉम्ब पडत होते आणि माणसं तळघरातल्या आसऱ्यात कापडी आरामखुर्च्यांवर बसून रात्री काढत होती. तिथे काही जण बॉम्ब न लागताच दगावले. कीथ सिम्पसन नावाच्या डॉक्टरांनी त्याच वर्षी कारण लिहून ठेवलं. खुर्चीची कड मांडीखाली रुतते, रक्त पायात साकळतं, गाठ होते आणि ती सुटून फुफ्फुसात जाते. उपाय साधा होता, माणसांना आडवं करायला फळ्या द्या. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटलं आणि आईच्या पिशवीतल्या चपला डोळ्यांपुढे आल्या. त्या दिवसापासून मैलांची चेष्टा बंद केली.

आकाशातलं आडवेपण परत आलं ते श्रीमंतांच्या वाटेनं. ब्रिटिश एअरवेजनं १९९५ साली आपल्या पहिल्या वर्गात पूर्ण सपाट होणारी सीट आणली आणि २००० साली बिझनेस वर्गात. जागा वाचवण्यासाठी एकाचं तोंड पुढे, शेजाऱ्याचं मागे, असे एकमेकांकडे पाय करून लोक निजू लागले. आमच्या आजोळी लग्नघरात हीच पद्धत होती, फक्त तिचं कुणी पेटंट घेतलं नव्हतं. काही कंपन्यांनी मधली वाट काढली. सीट सपाट तर करायची, पण तिरकी, डोकं वर आणि पाय जमिनीकडे. नाव मात्र "सपाट" असंच. अशा सीटवर माणूस रात्रभर इंचाइंचानं घसरतो, झोप लागली की खाली जातो आणि जाग आली की वर चढतो. आता बहुतेक ठिकाणी खऱ्या सपाट सीटा आहेत. पुढच्याच्या सीटशेजारी एक कोनाडा असतो, त्यात आपले पाय जातात. आपल्याकडे कोनाड्यात पणती ठेवतात, ते लोक पाय ठेवतात.

तर अशा सीटवरून आई गेली. दोन दिवसांनी फोन आला.

"पाय?" मी पहिलं तेच विचारलं.

"छान आहेत. चपला घालून उतरले. तुझ्या बहिणीनं आधी पायांचा फोटो काढला, मग माझा."

"आणि झोप?"

"आधी बसूनच होते रे. एवढी पांढरी चादर, मळेल म्हटलं. मग त्या पोरीनं येऊन बटण दाबलं आणि मला निजवलीच. काय सांगू तुला, बाजेवर निजल्यासारखं वाटलं. अंगणातल्या."

मला बरं वाटलं. पण आईचं बोलणं संपलं नव्हतं.

"डॉक्टर म्हणाले होते ना मधून मधून चालायचं, म्हणून उठले. चालत पार मागे गेले, पडद्यापलीकडे. तिथे एक पोर होती, नाशिककडची. मांडीवर चार महिन्यांचं बाळ. बाळ झोपेना आणि हिला वाकता येईना. मी म्हटलं, चल माझ्या जागेवर, दोघं आडवी व्हा, मी इथे बसते घटकाभर. तर ती विमानातली मुलगी नाही म्हणाली. गोड बोलली, पण नाही म्हणाली. तिकिटावर नाव वेगळं आहे म्हणे."

"नियम असतो आई."

"असेल. तुझे अण्णा गाडीत नेहमी खालची फळी कुणा लेकुरवाळीला द्यायचे आणि स्वतः ट्रंकेवर बसायचे. तेव्हा नव्हता वाटतं नियम?"

मी काय सांगणार? एकशेऐंशी अंशांच्या हिशेबात ही नोंद कुठल्या बाजूला लिहायची हे मला बँकेत वीस वर्षं काढूनही कळेना.

"मग काय केलंस?"

"बाळ घेतलं आणि उभी राहिले. दोन तास. तेवढ्यात तिनं एक डुलकी काढली."

"आई! दोन तास उभी? तुझे पाय!"

"अरे, डॉक्टरांनीच चालायला सांगितलं होतं ना? बाळाला घेऊन चालले."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत चमत्कार झाला. मला तिसरी सीट मिळाली, संपूर्ण, बाकाच्या आतली. वाशिंद गेलं, डोळा लागत होता. टिटवाळ्याला गर्दी चढली आणि वरून आवाज आला, "भाऊ, जरा सरका की." मी डोळे न उघडताच अंगठ्यानं बाक दाबून पाहिला, आणि सरकलो.