आण्याची ट्राम

दौंडला विजेची तार आली २०१७ साली. मुंबई-पुणे मार्गावर ती १९३० पर्यंतच पोचली होती, दख्खनची राणी पहिल्या दिवसापासून विजेवर धावली. पण पुण्याच्या पुढं यायचं म्हटलं की इंजिन बदलायचं. आधी वाफेचं, नंतर डिझेलचं. आमच्या माहेरी दोन पिढ्या दौंडच्या लोको शेडात काळ्या झाल्या. त्यामुळं थोरले मामा सुट्टीवर आले आणि मुंबईत भर रस्त्यात विजेची गाडी चालते, तिला ना धूर ना फलाट, असं सांगायला लागले, की वडील म्हणायचे, "मेहुणे, तुमची ती खेळण्यातली गाडी. एक मालगाडी ओढून दाखवा."

मामा न्हावऱ्याचे, तालुका शिरूर. शिरूरला रेल्वे नाही, कधीच नव्हती. घोडनदीला इंग्रजांची छावणी होती तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. मुंबईला जायचं तर चौफुल्यावरून केडगाव स्टेशन गाठायचं. मामा असेच गेले, नातलगाच्या खोलीत वळकटी टाकली आणि पुढं बेस्टमध्ये ट्रामवर कंडक्टर झाले.

मुंबईची ट्राम मुळात घोड्यांची. ९ मे १८७४ ला ती कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशी सुरू झाली. स्टर्न्स आणि किटरेज कंपनीच्या तबेल्यात तेव्हा नऊशे घोडे होते. कुलाबा-पायधुणी भाडं तीन आणे आणि तिकीट नाहीच. फुकटे वाढल्यावर तिकिटं छापली. उन्हानं घोडे कोसळू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यावर टोप्या घालत. ही गोष्ट मामांची फार आवडती. आमच्या मुलुखात उन्हात माणसाला टोपी मिळायची मारामार, वर हे ऐकायचं!

विजेची ट्राम ७ मे १९०७ ला निघाली आणि १९२० मध्ये दुमजली आली. म्हणजे मुंबईच्या रस्त्यावर आणि दौंडच्या रुळावर वीज येण्यात एकशेदहा वर्षांचं अंतर. तेव्हा खेळण्यातली गाडी कोणाची, हे वडिलांना विचारायला हवं होतं.

मी ट्राममध्ये बसले ती सात वर्षांची असताना. दौंडला गाडीत चढायचं तर वडील मला उचलून आत ढकलत. इथं पायरी रस्त्याला लागूनच, नऊवारीतली आजीसुद्धा कोणाचा हात न धरता चढली. आम्ही बोरीबंदरहून निघालो, भायखळा, लालबाग, परळ करत दादरला. ड्रायव्हर उभ्यानंच चालवत होता. एका हातानं कंट्रोलरचा दांडा फिरवायचा आणि पायानं घंटा बडवायचा, ठण ठण ठण. एका ठिकाणी छपरावरची दांडी तारेवरून निसटली. दिवे गेले, गाडी थांबली. मामा खाली उतरले, मागची दोरी धरून मान वर करून दांडी पुन्हा तारेला लावली, निळी ठिणगी उडाली आणि गाडी चालू. गाडीत कोणी हूं की चूं केलं नाही.

एका आण्यात दादर, ही मामांच्या जुन्या दिवसांतली फुशारकी. गिरणीतला, हमालीतला माणूस तेवढ्यावर घरी पोचायचा.

ट्राम सावकाश जाते, रस्ता अडवते, रूळ जुने झाले, अशी तक्रार पन्नाशीच्या दशकात वाढली. रूळ जुने होते, हे खरंच. पण अडवाअडवीचं मला पटत नाही. ट्राम आपल्या रुळावरून हलत नव्हती. तिच्या आडवं येत होतं ते मोटारींचं वाढतं लेंढार. दोघांपैकी एकाला बाजूला काढायचं ठरलं, आणि ज्यात जास्त माणसं मावत होती त्यालाच काढलं. मद्रासनं १९५३ मध्ये काढलं, दिल्लीनं साठीच्या दशकात. नाशिकची घोड्यांची ट्राम, नाशिकरोड स्टेशन ते गाव, त्याच्याही आधी बंद पडली होती. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. ती बघायला लोकांनी रस्त्याच्या दोन्ही कडांना गर्दी केली. एवढं प्रेम होतं, तर आधी कुठं गेलं होतं?

मामांना बसवर घेतलं. बस त्यांना कधी मानवली नाही, धक्के फार, म्हणायचे. बेस्टच्या नावातला 'टी' आधी ट्रामवेजचा होता, तो ट्रान्सपोर्टचा झाला, अक्षर बदलायला लागलं नाही. रूळ डांबराखाली गेले; फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीत त्यातले काही पुन्हा वर आले, तेव्हा वारसा म्हणून जपायचं ठरलं. कोलकात्यात १८७३ पासूनची ट्राम अजून रखडत होती. २०२४ मध्ये तिथल्या सरकारनंही मैदानातला एक फेरफटक्याचा मार्ग ठेवून बाकी बंद करायचं जाहीर केलं.

इकडं दौंडला विजेची तार आल्यावर पुण्याला जायला जी गाडी मिळाली ती डेमू, म्हणजे डिझेलची. वर तार, खाली धूर. नोकरदार मंडळी लोकलसाठी अर्ज-निवेदनं करून थकली. शिरूरला तर तेही नाही. तिथं पुण्यापासून उन्नत मार्ग मंजूर झालाय, नगर रस्त्याच्या डोक्यावरून. मोटारींना आणखी एक मजला.